काटा कधी चढतो?

एक गाडी सिग्नलला उभी राहिली की तापते. मे महिन्याची दुपार, पुढे वाहनांची रांग, एसी चालू. तापमानाचा काटा मधली जागा सोडून हळूहळू वर सरकू लागतो. रांग सुटते, गाडी जरा वेग घेते आणि काटा आपसूक खाली येतो. दुसरी गाडी नेमकी उलट वागते. शहरातल्या कोंडीत तिला काही होत नाही. पण कसारा घाट किंवा आंबा घाट चढायला लागली की निम्म्या वाटेत काटा लाल पट्टीकडे जातो.

दोन्ही मालकांना सल्ला मात्र एकच मिळतो : कूलंट बदला. तरी तापली तर रेडिएटर साफ करून घ्या, आणि त्यानेही भागले नाही तर थर्मोस्टॅट वॉल काढूनच टाका. सल्ला कधी लागू पडतो, कधी पडत नाही. या दोन गाड्यांतला बिघाड मुळातच वेगळा आहे आणि तो वेगळा आहे हे ओळखायला हातात पानासुद्धा घ्यावा लागत नाही. गाडी कधी तापते, हे नीट पाहिले तरी पुष्कळ कळते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी इंजिनातली उष्णता बाहेर कशी पडते ते पाहू.

उष्णता येते किती, जाते कुठे

सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा आतल्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही हेड शाबूत राहते, कारण उष्णता साचायच्या आत तिथून काढून नेली जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेल्यातली बहुतेक उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते.

कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. त्यात गंज रोखणारी द्रव्येही असतात. वॉटर पंप हे मिश्रण हेड आणि त्याखालच्या ब्लॉकमधल्या पोकळ्यांतून फिरवतो. तिथे तापलेले कूलंट होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून जाताना आपली उष्णता हवेला देते आणि निवून पुन्हा इंजिनात जाते. नळ्यांच्या मधे पातळ पत्र्याच्या घड्या असतात, त्यांना फिन्स म्हणतात. धातूचा जास्तीत जास्त पृष्ठभाग हवेला लागावा, एवढ्यासाठी त्या असतात. विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी आठ हजारांवर बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवता आले. आपल्या गाडीतला रेडिएटर आजही त्याच तत्त्वावर चालतो.

या फेऱ्यात एक फाटक असते. इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे गेले तर इंजिन तापायला फार वेळ लागेल. म्हणून वाटेत थर्मोस्टॅट वॉल बसवलेला असतो. त्याच्या पोटात खास प्रकारचे मेण भरलेले असते. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास हे मेण वितळते, फुगते आणि एक दांडी ढकलते. वॉल उघडतो आणि कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी होते.

झाकणाचे काम

रेडिएटरचे झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुष्कळांना ते नुसते बूच वाटते. प्रत्यक्षात त्याचे काम घरातल्या प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे आहे. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांना न उकळता अधिक तापमानाला उकळते. झाकणाखालची स्प्रिंगही अशीच विशिष्ट दाबापर्यंत वाट अडवून धरते. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर हा दाब ०.९ किंवा १.१ बार असा छापलेला असतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ ते १२२ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉल मिसळलेले असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते.

आता झाकणाचे रबर कडक झाले, त्याला चीर गेली किंवा स्प्रिंग ढिली पडली तर? दाब धरला जाणार नाही आणि कूलंट लवकर उकळेल. उंचीवर हा दोष अधिक जाचतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि इंजिन तर नेहमीच ९० ते १०० अंशांच्या आसपास चालते. म्हणजे झाकण निकामी असलेली, नुसत्या पाण्यावर चालणारी गाडी घाटमाथ्यावर पोचते तेव्हा उकळीच्या उंबरठ्यावरच असते.

झाकणात एक दुसरी छोटी झडपही असते. इंजिन थंड झाले की कूलंट आकसते, आत पोकळी होते आणि ही झडप रेडिएटरला नळीने जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीतले कूलंट परत आत ओढून घेते. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते, पण रेडिएटर मात्र रिकामा असतो. त्यामुळे ज्या गाडीत रेडिएटरला वेगळे झाकण आहे, तिथे सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून आतली पातळीही पाहावी. नुसत्या बाटलीवर विसंबू नये.

उभी असताना तापते : हवा मिळत नाही

आता पहिल्या गाडीकडे वळू. ती सिग्नलला तापते आणि चालायला लागली की निवते. चालत्या गाडीच्या रेडिएटरवर समोरून वारा येतो. ताशी ५०-६० किलोमीटर वेगाला हा वारा सहसा पुरेसा असतो आणि पंख्याची गरज जवळजवळ राहत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो आणि सगळा भार रेडिएटर फॅनवर येतो. चालताना सगळे ठीक आणि उभी राहिली की ताप, याचा अर्थ कूलंट आहे, पंप ते फिरवतो आहे, वॉलही उघडतो आहे. कमी पडते ती हवा.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन फिरू लागतो. फॅन फिरला नाही तर फ्यूज, रिले, वायरचा जोड किंवा फॅनची मोटर यांपैकी काहीतरी गेले आहे. एसीवर फॅन फिरतो, पण नुसते इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे असेल तर मोटर ठीक आहे आणि दोष तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे शोधायचा. या तपासणीत बोटे, ओढणी, शर्टाची बाही पंख्यापासून दूर ठेवा; इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.

फॅन जोमाने फिरत असूनही गाडी उभ्याने तापत असेल तर रेडिएटरच्या समोर पाहा. तिथे एसीचा कंडेन्सर असतो. त्या दोहोंच्या सांदीत धूळ, पाने, किडे आणि ऊस-कापसाच्या हंगामात उडणारा भुसा दाटून बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत हवेची वाट बंद असते. धुताना पाण्याची धार बेताची ठेवावी आणि शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावी. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पातळ फिन्स आडव्या पडतात आणि असलेली वाटही बुजते.

घाटात तापते : फेरा अपुरा पडतो

दुसरी गाडी कोंडीत ठीक असते, म्हणजे तिचा फॅन बहुधा चांगला आहे. मग घाटात काय बदलते, त्याचा हिशेब मांडू. माणसे-सामान धरून १,४०० किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चालवायला जेमतेम अडीच किलोवॅट शक्ती पुरते. तोच वेग ठेवून ती शंभर मीटरला आठ मीटर असा चढ चढू लागली की नुसते वजन वर उचलायलाच आणखी १२ किलोवॅट लागतात. शक्तीची गरज पाच-सहा पटीने वाढली. समोरून येणारा वारा मात्र तेवढाच राहिला. कूलंटचा फेरा अशा वेळी पूर्ण क्षमतेने चालावा लागतो. एरवी झाकून राहिलेली उणीव इथे उघडी पडते.

ही उणीव बहुधा तिनांपैकी एका ठिकाणी असते. पहिले ठिकाण म्हणजे आतून चोंदलेला रेडिएटर. आपल्याकडे कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतायची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार, बादलीच्या बुडाशी जसे बसतात तसेच, नळ्यांत बसतात. निम्म्या नळ्या बुजल्या तरी शहरात कळत नाही. इंजिन तापलेले असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या वेगवेगळ्या भागांचे तापमान पाहिले की मधेच थंड पट्टे सापडतात. जिथे कूलंट पोचतच नाही, तो भाग थंड राहतो.

दुसरे ठिकाण थर्मोस्टॅट वॉल. तो पूर्ण न उघडता अर्धवट उघडत असेल तर थोडी उष्णता जाते आणि जास्त उष्णता अडते. वॉल बाहेर काढल्यावर त्याची परीक्षा गॅसवर होते. पातेल्यात पाणी घ्यावे, वॉल दोऱ्याने असा टांगावा की तो बुडाला लागणार नाही, आणि शेजारी थर्मामीटर धरावा. वॉलवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या आसपास चकती हळूच उचलली जायला लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. पाणी खळखळून उकळले तरी चकती जागची हलली नाही किंवा तिरकी होऊन अडकली, तर नवा वॉल घ्यायचा.

तिसरे ठिकाण वॉटर पंप आणि त्याचे पाइप. पंपाची पाती झिजली किंवा पट्टा घसरत असेल तर कूलंट फिरते, पण कमी फिरते. पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असते. आतले सील गळायला लागले की तिथून कूलंट झिरपते आणि वाळून रंगीत डाग उरतो. तो डाग दिसला की पंपाचे दिवस भरले असे समजावे. इंजिनचे फेरे वाढवल्यावर खालचा होज पाइप आत चेपत असेल तर तो मऊ पडला आहे. पंप ओढतो त्या जोरानेच त्याची वाट बंद होते. या तीन ठिकाणांखेरीज बोलेरोसारख्या गाड्या आणि ट्रक यांत फॅनही पाहावा. तिथे फॅन इंजिनावरच फिरतो आणि त्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. हा क्लच निकामी झाला की फॅन फिरताना दिसतो, पण पुरेशी हवा ओढत नाही.

दिवाळीत बरी, मेमध्ये आजारी

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ७५ अंशांचा. विदर्भात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० उरतो, म्हणजे रेडिएटरची क्षमता एक तृतीयांशाने घटते. निम्म्या नळ्या चोंदलेला रेडिएटर म्हणूनच दिवाळीत चालून जातो आणि उन्हाळ्यात रस्त्यात बसवतो. उन्हाळ्यात नवा बिघाड झाला असे आपल्याला वाटते, पण तो हिवाळ्यातही असतोच.

सुरू केल्यावर लगेच तापते, पाणी सारखे कमी होते

थंड इंजिन सुरू करून आठ-दहा मिनिटांत काटा लालकडे गेला तर दोन शक्यता आधी पाहाव्यात : वॉल बंदच अडकला आहे किंवा कूलंट फार कमी आहे. इथे हीटर उपयोगी पडतो. हीटरमध्येही एक छोटा रेडिएटर असतो आणि त्यातून हेच कूलंट फिरते. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा, असे असेल तर तिथवर कूलंट पोचतच नाही. ते संपले आहे किंवा मधे हवेचा बुडबुडा अडकला आहे. कूलंट बदलल्यानंतर हवा नीट काढली नाही तरी असेच होते.

कूलंट बंद फेऱ्यात फिरते, त्यामुळे ते 'वापरून' संपत नाही. दर आठवड्याला टाकावे लागत असेल तर ते कुठेतरी जातेच आहे. गाडीखाली ओल, जोडांवर रंगीत डाग, पायाखालचे मॅट ओलसर, काचेवर चिकट धुके आणि गोडसर वास या खुणा शोधाव्यात. मॅट आणि काच ही हीटर आतून गळत असल्याची लक्षणे आहेत. बाहेर काहीच दिसत नसेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी. थंड इंजिनाला हातपंप जोडून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि तो टिकतो का ते पाहतात. इंजिन गरम असताना वाफ होऊन उडून जाणारी गळती यात लख्ख सापडते.

दाब उतरतो आणि बाहेर थेंबही नाही, मग संशय हेड गॅस्केटवर. हेड आणि ब्लॉक यांच्या मधली ही पातळ पट्टी. ती फुटली की ज्वालेतला वायू कूलंटमध्ये शिरतो, बाटलीत सतत बुडबुडे येतात आणि थंड इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांत होज पाइप टणक होतो. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो, कधी ऑइल दुधी होते. खात्रीसाठी एक निळे रसायन वापरतात. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा त्यातून जाऊ दिली आणि निळा रंग पिवळा झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आहे हे ठरले. हेड उघडण्याचा खर्च मान्य करण्याआधी ही चाचणी मागायचा गाडीमालकाला पूर्ण हक्क आहे.

काट्यावर किती विश्वास ठेवावा

काटा आपल्याला थेट तापमान दाखवत नाही. सेन्सरमध्ये तापेल तसा विद्युतरोध कमी होणारा एक घटक असतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना हा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८०-९० अंशांना दोनशे-तीनशेवर येतो. वायर तुटली की रोध अमर्याद होतो आणि गाडीचा संगणक त्याचा अर्थ उणे ४० अंश असा लावतो. असे तापमान अशक्य आहे हे ओळखून तो खबरदारी म्हणून फॅन सतत फिरवतो. इंजिन थंड असूनही फॅन थांबतच नसेल तर सेन्सरचा प्लग पाहावा.

सेन्सर तपासायची सोपी वेळ म्हणजे सकाळ. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला तिच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर लावला तर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. दहा-पंधरा अंशांची तफावत असेल तर दोहोंपैकी एक सेन्सर चुकीचे सांगतो आहे. स्कॅनरवर पी०११७ किंवा पी०११८ हे कोड आले तर दोष सेन्सरच्या वायरिंगमध्ये शोधावा. पी०१२८ आला तर इंजिन हवे तेवढे तापत नाही आणि वॉल उघडाच राहतो असा संशय घ्यावा.

दोन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. बऱ्याच गाड्यांत तापमान थोडे वर-खाली झाले तरी काटा मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो, आणि कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो. म्हणजे सूचना मिळते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि वर गेलेला काटा एकाएकी तळाला आला, तर सुटकेचा श्वास सोडू नका. कूलंट निघून गेल्यामुळे सेन्सर कोरडा पडला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे.

वॉल काढून टाकणे हा इलाज नाही

वॉल काढला की गाडी तापत नाही, असे पुष्कळ गॅरेजमध्ये आजही सांगतात. पण मग इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही. संगणक इंजिन थंडच आहे असे समजून जास्त पेट्रोल देत राहतो. न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, ओल साचते, झीज वाढते आणि मायलेज घटते. काही इंजिनांत तर वॉल नसला की कूलंट रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरते आणि गाडी आणखी तापते. इंजिनाला ताप जसा बाधतो, तसा गारठाही बाधतो.

रस्त्यात काटा लाल झाला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगाला ठेवा. गाडीत उकडेल, पण इंजिनातली काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडेल. चढावर खालचा गिअर घ्या, म्हणजे पंप वेगाने फिरेल, आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवा. एवढ्याने काटा उतरला नाही तर सुरक्षित जागा पाहून थांबा आणि इंजिन बंद करा.

झाकणाला हात लावू नका. आत ११० अंशांचे कूलंट केवळ दाबामुळे द्रव राहिलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो, ते एका क्षणात उकळते आणि कारंज्यासारखे तोंडावर, हातांवर उडते. काही गाड्यांत बाटलीही दाबाखाली असते, त्यामुळे तिचे झाकणही तितकेच घातक. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप दाबून मऊ लागतो का पाहा, मगच जाड कापड धरून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते किंवा तडकते.

थोडक्यात

- उभी असताना तापते, चालताना निवते : फॅन, रिले, कंडेन्सर-रेडिएटरमधली सांद.
- घाटात किंवा वेगात तापते : चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा वॉल, पंप, चेपणारा पाइप, फॅन क्लच.
- सुरू केल्यावर लगेच तापते : बंद अडकलेला वॉल, कमी कूलंट, अडकलेली हवा.
- कूलंट सारखे कमी होते : गळती, झाकण, हीटर, हेड गॅस्केट.
- काटा वर येतच नाही : उघडा अडकलेला वॉल किंवा सेन्सर.
- काटा एकाएकी तळाला : कूलंट संपले असू शकते, इंजिन बंद.
- कूलंटचा रंग म्हणजे प्रकार नव्हे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच वापरावे, पाणी मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड.

गॅरेजमध्ये काय सांगायचे

"गाडी गरम होते" एवढेच सांगितले तर मेकॅनिकला अंदाजाने भाग बदलत जावे लागते आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण भरतो. त्याऐवजी तपशील सांगा : उभी असताना की चढावर, एसी असताना की नसतानाही, सुरू केल्यावर किती वेळाने, किती दिवसांत किती कूलंट टाकावे लागले, फॅन फिरत होता का. मग तपासणी स्वस्ताकडून महागाकडे जाऊ द्या : आधी पातळी आणि झाकण, मग फॅन, मग प्रेशर टेस्ट, मग वॉल, त्यानंतर पंप आणि रेडिएटर, आणि सगळ्यात शेवटी हेड. झाकण काही शे रुपयांत मिळते. तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड वाकते आणि ते सरळ करून घेण्याचा खर्च हजारांत जातो. चांगला मेकॅनिक या क्रमाला कधीच नाही म्हणत नाही, कारण तोही याच क्रमाने शिकलेला असतो.